हवेचे वैरी धकाते सर

आमच्या कॉलेजात प्राचार्यांपासून शिपायापर्यंत एकही माणूस असा नाही, ज्याचे हात धकाते सरांनी हुंगलेले नाहीत. माझेही हुंगलेत. मी फिजिक्सची विभागप्रमुख, आडनाव सुभेदार, बोलायला कुणाला न घाबरणारी. पण त्यांच्या प्रयोगशाळेच्या दारात मीसुद्धा दोन्ही तळहात पुढे करून मुकाट उभी राहायची. सर मान खाली घालायचे, बोटांवरून नाक फिरवायचे आणि निकाल द्यायचे. "मॅडम, पोहे खाल्ले तुम्ही. वरून तर्री घेतली. साबण लावून या." मी चरफडत जायची आणि साबण लावून यायची.

हा माणूस वेडा नव्हता, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे तुम्हाला शंका येईल. उन्हात जांभळ्या रंगाच्या पलीकडे, डोळ्यांना न दिसणारे किरण असतात, एवढं शाळेत सगळेच शिकतात. त्याही पलीकडे जे असतात, ते सरांचे. त्यांना हवा सोसत नाही. वीतभर जातात न जातात तोच हवा त्यांना गिळून टाकते. म्हणून त्यांच्याशी काही काम करायचं तर आधी एका पोलादी चेंबरमधली हवा पंपाने उपसून काढायची आणि सगळा संसार त्या निर्वातात मांडायचा. आतल्या भिंतीला तेलकट बोट लागलं, तर त्या ठशाची वाफ दिवसेंदिवस निघत राहते आणि पंप बापडा उपसत बसतो. मी म्हटलं होतं, अहो, मग लोकांना हातमोजे द्या. तर म्हणाले, मोजे पण तेलकट हातानेच चढवतात ना.

तेलाशी हे वैर पार घरापर्यंत पोचलेलं. सर मूळचे उमरेडचे, हातमागावर लुगडी विणणाऱ्या घरातले. पुढे नागपूरच्या गोळीबार चौकात स्थायिक झाले. दिवाळीत अख्खी गल्ली तेल चोळून आंघोळ करायची आणि सर कोरडे ठणठणीत. वहिनी एकदा माझ्यापाशी कुरकुरल्या होत्या, की माहेरची माणसं विचारतात, जावईबापूंच्या घरी तेल परवडत नाही का. मुलाच्या लग्नातसुद्धा सरांनी कुणाला हळद लावली नाही. हळदीत तेल असतं आणि दुसऱ्या दिवशी चेंबर उघडायचं होतं. मुलाचं लग्न आणि चेंबर एकाच आठवड्यात आलं, यात चूक लग्नाची होती, असं त्यांचं प्रामाणिक मत.

चेंबर ते मे महिन्यातच उघडायचे, हे पण ऐकून घ्या. मे महिन्यात नागपुरातला शहाणा माणूस दुपारी घराबाहेर डोकं काढत नाही. प्राध्यापक मंडळी तर पेपर तपासून झाले की चिखलदऱ्याला पळतात. सर मात्र वर्षभर मेची वाट पाहायचे. चेंबर उघडलं की हवेतली ओल आतल्या भिंतींना चिकटते, आणि मग ती निघता निघत नाही. नागपूरच्या मेमध्ये ओल आणणार कुठून? तोंडातली थुंकी वाळते इथे. सर अभिमानाने सांगायचे, "मुंबईवाले करोडोची मशीन लावतात हवा सुकवाले. आपल्याले फुकट आहे." आणि म्हणून त्या खोलीत कूलरला बंदी. बाहेर जमीन तापून फुटायला आलेली, आत आम्ही घामाने निथळतोय, आणि सर बर्फाची लादी फोडून पंपाच्या पाण्यात टाकताहेत. पंपाला गार पाणी हवं. माणसांचं काय व्हायचं ते होवो.

हे कशासाठी, असं तुम्ही विचाराल. आमचे सहकारी पण विचारायचे, आणि हसायचे. इथे नागपूरच्या धंतोलीत गल्लीगल्लीत हॉस्पिटल आहे. ऑपरेशनच्या खोल्यांतून जंतू मारायला निळसर दिवा लावतात, त्या दिव्यात पारा असतो. दिवा फुटला की पारा सांडला. सरांचं म्हणणं असं, की पारा काढून टाका, दुसरा निरुपद्रवी वायू भरा. त्याच्यातून निघतात ते हे हवा न सोसणारे किरण. ते दिव्याच्या नळीच्या आतल्या एका पांढऱ्या पावडरीवर पडले, की पावडर जंतू मारणारा प्रकाश देईल. फक्त तशी पावडर सापडायला हवी. सर मातीच्या मुशीत पावडरी भाजायचे आणि एकेक करून चेंबरमध्ये ठेवून पाहायचे. आयुष्य गेलं त्यात त्यांचं.

बाकीचे पण पावडरी भाजतात. नागपुरात तो धंदा जुना आहे. पण ते काय करतात, पावडर पुडीत बांधून दुसऱ्या राज्यातल्या मोठ्या यंत्राकडे धाडतात, तिथून आलेख येतो, पेपर छापतात आणि बढती घेतात. सरांना कुणी म्हटलं की सर, तुम्ही पण पाठवून द्या ना, तर त्यांचा चेहरा असा व्हायचा, जणू पोटचं पोर अनाथाश्रमात द्यायला सांगितलं. "काहून? नागपुरात किरण उगवत नाही का?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. विद्यापीठाची समिती आली, तिच्यासमोर हेच. निधी देणारे साहेब आले, त्यांच्यासमोर हेच. वर त्यांच्या केसांना चमेलीचं तेल होतं म्हणून दारात त्यांच्या डोक्यावर प्लास्टिकची टोपी चढवली. निधी अर्थातच आला नाही. सरांनी भंगारातून झडपा आणल्या, जुन्या फ्रिजचे भाग लावले, पण चेंबर चालवलं.

विद्यार्थ्यांना पहिला धडा असायचा स्क्रूचा. चेंबरच्या आत जो स्क्रू बसवायचा, त्याची एक बाजू कानशीने घासून सपाट करायची. न घासता तसाच पिळला, तर भोकाच्या तळाशी चिमूटभर हवा अडकून बसते आणि आट्यांमधून थोडी थोडी झिरपत राहते. तुम्ही बाहेरून सगळे जोड तपासता, गळती कुठेच सापडत नाही, कारण चोर घरात असतो. एका पोट्ट्याने आळस करून न घासलेला स्क्रू बसवला, तर सरांनी त्याला प्रयोगशाळेबाहेर बाकावर बसवलं आणि डबाभर स्क्रू घासायला लावले. तो मुलगा आज मौद्याच्या वीज केंद्रात मोठा इंजिनीअर आहे. अजून म्हणतो, मॅडम, स्क्रू दिसला की माझा हात खिशात कानस शोधतो.

तर असे हे सर गेल्या वर्षी एप्रिलमध्ये निवृत्त झाले. समारंभ झाला, शाल दिली, नारळ दिला. सर बोलायला उभे राहिले. आता डोळे पुसतील, असं आम्हाला वाटलं. सर म्हणाले, "मी जाऊन राहिलो. चेंबर जाऊन नाही राहिलं." आणि खाली बसले. प्राचार्यांना त्या खोलीत 'नवोन्मेष कक्ष' करायचा होता हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे काय, तर काचेचा फळा, रंगीत गाद्या आणि फोटो काढायला एक कोपरा. पण भर सभेत माणसाला मोठेपणा दाखवावाच लागतो. प्राचार्य म्हणाले, सरांनी हातातला शेवटचा प्रयोग खुशाल पूर्ण करावा, खोली त्यानंतरच घेऊ. टाळ्या पडल्या. आपण काय बोलून बसलो हे त्यांना टाळ्या थांबल्यावर कळलं असावं.

मेमध्ये सरांनी चेंबर उघडलं, शेवटची पावडर आत ठेवली, झाकण बसवलं, पंप लावला. गेजचा काटा उतरला, उतरला आणि लाल खुणेच्या जरा अलीकडे येऊन थांबला. खुणेखाली गेल्याशिवाय किरण सोडता येत नाहीत. कुठूनतरी हवा येत होती. सर म्हणाले, गळती आहे, शोधावी लागेल.

गळती शोधायला माणसं लागतात दोन. एकाने जोडाजोडावर स्पिरिटचा बोळा फिरवायचा, दुसऱ्याने काट्यावर नजर ठेवायची. बोळा भोकाशी आला की काटा हलतो. पूर्वी वहिनी रविवारी डबा घेऊन यायच्या आणि काट्यासमोर बसायच्या. पण मुलाला पुण्यात बाळ झालं आणि त्या तिकडे गेल्या त्या गेल्याच. सर पण गेले होते. चार दिवसांत परत आले. सांगत होते, तिथं सकाळी बगिच्यात म्हातारे लोक टाळ्या वाजवून हसतात, न हसणाऱ्याला पण हसायला लावतात. आता विद्यार्थी कोणी उरला नव्हता, तेव्हा काटा पाहायला राहिले कोण, तर मी. आयुष्यभर कागदावर समीकरणं मांडली, यंत्राला हात लावला नाही, आणि शनिवारच्या दुपारी स्टुलावर बसून काटा पाहते आहे. नवरा विचारायचा, तुला त्या कामाचे काय मिळतात. मी म्हणायची, साबण.

पावसाळा गेला, दिवाळी गेली, संक्रांत गेली. गळती सापडेना. मधूनच सर म्हणायचे, ही रबरी रिंग म्हातारी झाली. मग सिलिंडरमधला कोरडा वायू आत सोडायचा, रिंग बदलायची, पुन्हा पंप लावायचा, पुन्हा काटा तिथेच. प्राचार्य मला कॉरिडॉरमध्ये गाठायचे, शेवटचा प्रयोग किती वर्षांचा असतो हो मॅडम, असं गोड आवाजात विचारायचे. यंदाच्या एप्रिलमध्ये मात्र त्यांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, की जूनमध्ये नवं सत्र सुरू होण्याआधी प्रयोग होवो न होवो, खोली रिकामी झाली पाहिजे, चेंबर भंगारात गेलं पाहिजे, आणि त्या कागदावर सही विभागप्रमुखाची लागेल. म्हणजे माझी. मी सही केली नाही, पण नाही असंही म्हटलं नाही. शनिवारी सरांना सांगितलं. त्यांनी स्पिरिटची बाटली उचलली. म्हणाले, चला, वरचा जोड पाहू.

त्याच शनिवारी दुपारी वीज गेली. उन्हाळ्यात ती जातेच. सरांनी धावत जाऊन झडप बंद केली, म्हणजे चेंबर पंपापासून तुटलं. मला म्हणाले, मॅडम, तुम्ही बाहेर जाऊन बसा, गरम होऊन राहिलं. पण माझं अंग स्टुलाला चिकटलेलं, मी कसली उठते. गेज बॅटरीवर चालायचं. मी सवयीने पाहत राहिले. काटा वर चढायला लागला. आधी भराभर. मग हळू. मग आणखी हळू. आणि मग थांबला.

यंत्राला हात लावत नसले तरी आलेख मला कळतो. भोक बाहेर असतं तर काटा एका चालीने चढतच राहिला असता. बाहेरची हवा काय संपणार आहे? चढून थांबतो म्हणजे येणारी हवा मोजकी आहे. आतच कुठेतरी अडकलेली आहे. आणि दर वेळी रिंग बदलताना आम्ही ती कोंडी पुन्हा भरून देत होतो. हे मला, एका कागदी बाईला, एका दुपारीत कळलं. मग ज्या माणसाने उभा जन्म पोरांना स्क्रू घासायला लावले, त्याला वर्षभर कळलं नाही?

मी वळून पाहिलं. सर काट्याकडे पाहतच नव्हते. जमिनीकडे पाहत होते.

"सर, न घासलेला स्क्रू आत आहे," मी म्हटलं.

"आहे."

"कुणी लावला?"

"मीच लावला, मॅडम."

मला इतका राग आला, की काय सांगू. वर्षभराचे माझे शनिवार, तो घाम, तो साबण, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. मी त्यांना वाट्टेल ते बोलले. तुम्ही मला बनवलंत म्हणाले, तुमच्या हाताला हे शोभत नाही म्हणाले. सरांनी सगळं ऐकून घेतलं. अंधारलेल्या खोलीत पंप गप्प होता, आणि ते अगदी हळू आवाजात बोलले.

"प्रयोग झाला असता तं दुसऱ्याच दिवशी हे भंगारात गेलं असतं. मंग मी सकाळी उठून कुठं गेलो असतो? घरी कोणी नाही, मॅडम. मी बोललो तं भिंत ऐकते. इथं निदान पंपाचा आवाज असते. शनिवारी तुम्ही येता." मग म्हणाले, "तो स्क्रू पिळताना मले वाटलं, आपण पाप करून राहिलो."

माझा राग कुठे गेला कोण जाणे. पण मी आणखी जोरात ओरडले. म्हटलं, सर, तुमच्यासारख्या माणसाने आपल्याच चेंबरला दगा द्यायची वेळ आली, ती त्या रंगीत गाद्यांपायी? काढा तो स्क्रू. उघडा झाकण. पावडर चांगली की वाईट ते जगाला कळू द्या. खोलीचं मी पाहते. सर म्हणाले, तुम्ही काय पाहणार, प्राचार्य ऐकणार नाहीत. मी म्हटलं, त्यांच्या ऐकण्यावर माझं काही अवलंबून नाही.

मे लागला तसं चेंबर उघडलं. बाहेर लू चालत होती, हवेत ओलीचा थेंब नव्हता. सरांनी स्क्रू काढला, कानशीने घासला, परत बसवला आणि माझ्याकडे न पाहता झाकण लावलं. दोन दिवस पंप चालला. तिसऱ्या दिवशी काटा लाल खुणेखाली असा उतरला, जणू कधी अडलाच नव्हता. सरांनी किरण सोडले. संगणकाच्या पडद्यावर एक रेघ सरळ सरळ चालली, आणि जिथे चढायला हवी होती नेमकी तिथे चढली. उंच, एकटी, सुबक. मी आनंदाने टेबलावर हात आपटला. सर एवढंच म्हणाले, "आलं." मग त्यांनी हात पुसले, खिडकीतली आपली चहाची किटली घेतली, भिंतीवरचं कॅलेंडर काढून गुंडाळलं आणि खोलीची किल्ली माझ्यासमोर ठेवली. त्यांचा माझ्यावर विश्वास नव्हता असं नाही. जगावर नव्हता.

मी किल्ली पर्समध्ये टाकली आणि तडक प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले. ते खुश झाले, प्रयोग झाला, अभिनंदन, म्हणाले, आणि तो कागद पुढे सरकवला. मी म्हटलं, एकदा रेघ आली म्हणजे प्रयोग होत नाही. ती पुन्हा यावी लागते, दुसऱ्या पावडरीशी ताडून पाहावी लागते, नळीत भरून पाहावी लागते. त्याला वर्षं लागतील. खोली मिळणार नाही. ते म्हणाले, मॅडम, विचार करा, तुमचीही निवृत्ती जवळ आली. मी म्हटलं, म्हणून तर घाई आहे. सही मी करणार नाही. हवं तर विभागप्रमुख बदला, आणि कशासाठी बदलला ते त्याच सभागृहात सांगा, जिथे तुम्ही शब्द दिला होता. त्यांनी पंख्याकडे पाहिलं. मग कागद उचलून ड्रॉवरमध्ये ठेवला. फाडला नाही, हे माझ्या लक्षात आहे. उद्या पुन्हा काढतील. काढू देत, मी बसले आहे.

बाहेर आले तर सर आवारातल्या कडुलिंबाखाली उभे. एका हातात किटली, दुसऱ्या हातात कॅलेंडर. ऊन असं, की सावलीलाही चटके बसत होते. मी किल्ली त्यांच्यापुढे धरली आणि झालेलं सगळं सांगितलं. त्यांनी किल्ली घेतली नाही. ज्या माणसाने आयुष्यात कुणाची परवानगी मागितली नाही, निधीवाल्या साहेबाला टोपी घालताना नाही की सभागृहात प्राचार्यांना तोंडावर ऐकवताना नाही, तो माणूस किटली छातीशी धरून माझ्याकडे बघत होता.

"मॅडम," ते म्हणाले, "मंग मी उद्या येऊ ना?"

मी त्यांच्या हातातली किटली काढून घेतली.

"उद्या कशाला?" मी म्हटलं. "पंप चालू ठेवून आलात ना? चला आत."